मामेसासऱ्यांची पाच फुटी टाकी

आमच्या हिच्या मामांएवढा माशांचा कैवारी उभ्या मुंबईत दुसरा सापडायचा नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगायला तयार आहे. सोमवार सोडला तर मामांच्या ताटात रोज मासा असतो आणि बांगड्याचा काटा ते असा लख्ख करून ठेवतात की भोईवाड्यातल्या मांजरांनी त्यांच्या दाराशी येणंच सोडून दिलंय. ही विसंगती मी एकदा दाखवून दिली, तेव्हा मामा हातातला घास न थांबवता म्हणाले, "जावयबापू, खावचो मासो येगळो, पाळूचो येगळो. गल्लत करू नकात." त्यांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं की मला आणखी थोडी आमटी मागून घ्यावी लागली.

या प्रेमाची सुरुवात आमच्या दादरच्या घरात, मुलीच्या वाढदिवसाला झाली. कुणीतरी तिला काचेच्या गोल भांड्यात दोन गोल्डफिश आणून दिले होते. पोरं टाळ्या पिटत होती. मामा केकची बशी घेऊन कौतुकानं पुढे झाले, भांड्यात डोकावले आणि त्यांनी ती बशी तशीच खाली ठेवली. "ह्यां काय? सोलकढीचो वाडगो?" मी आपलं ऐकीव ज्ञान पाजळलं, की भांडं जेवढं असेल तेवढेच हे मासे वाढतात म्हणे, त्यामुळे काळजी नाही. मामांचा चेहरा लालबुंद झाला. "वाढणत नाय, खुरटतत! कोणी सांगल्यान तुमका? वाढूक जागा नाय म्हणून खुरटलो, तर त्याका काय त्याची आवड म्हणतास?" एवढं बोलून त्यांनी आमच्या घरातला कडीचा डबा मागून घेतला, मुलीच्या परवानगीनं त्यात पाण्यासकट मासे घेतले आणि चक्क टॅक्सीनं घरी गेले. मामांना टॅक्सीत बसलेलं त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

पुढचा महिना मामांनी टाकीच्या मापात घालवला. कापड गिरणीत जन्म काढलेल्या माणसाच्या मुलाला मापाचं वेड असायचंच. ते भेटेल त्याला गाठून सांगत, "मासो काय लिफ्टीत चढता? तो आडवो जाता. उंची नको, लांबी व्हयी. परत फिरूक रुंदी व्हयी." गोल्डफिश घाण फार करतो, थोड्या पाण्यात ती त्याच्याच अंगाला बाधते, भांड्याचं तोंड अरुंद असलं की त्याला हवा पुरत नाही, हे सगळं त्यांनी मला हिंदमाताच्या चौकात, ही साड्यांच्या दुकानात असताना, तासभर समजावून सांगितलं. मी रस्त्यावर उभा होतो आणि ते दोन्ही हात फाकवून मला टाकीची लांबी दाखवत होते. येणारे-जाणारे त्या हातांखालून वाकून जात होते.

अखेर माप ठरलं, पाच फूट. मामांच्या चाळीच्या जिन्याला असं वळण, की पाच फुटी टाकी वर चढणं अशक्य. मग मामांनी काचवाल्यालाच खोलीत बोलावलं आणि काचा सुट्या वर नेऊन टाकी तिथेच जोडून घेतली. या युक्तीवर ते इतके खूश झाले की गॅलरीभर पेढे वाटले. टाकीसाठी घरातली एकुलती एक खाट गेली. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून ते साठवून ठेवायला मामींचं पिंप गेलं. "माशांका पाच फूट, आणि माका सतरंजीचो कोपरो," असं मामी आल्यागेल्याला सांगत, पण माशांना दाणे टाकायची वेळ कधी चुकवत नसत.

गंमत म्हणजे एवढ्या मोठ्या टाकीत सोडल्यावरही ते मासे कोपऱ्यातच गोल गोल फिरत राहिले. बरोब्बर त्या जुन्या भांड्याएवढंच रिंगण. मामा स्टूल टाकून समोर बसत आणि काचेला नाक लावून विनवत, "फुडे जावा रे, भिंत नाय थंय." एके दिवशी ऐन मीटिंगमध्ये माझा फोन वाजला. "जावयबापू! थोरलो त्या टोकाक पोचलो!" मामांचा आवाज एवढा चढला होता की साहेबांनीही कोण थोरला ते विचारलं. मी सांगितलं, घरातले आहेत.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. बिल्डरच्या बैठकीत लोक कार्पेट एरियावरून हमरीतुमरीवर आले असताना मामांनी हात वर करून एकच प्रश्न विचारला, "हॉलची सलग भिंत किती?" बिल्डरच्या माणसानं विचारलं, "काका, टीव्ही केवढा घेताय?" सगळी बैठक हसली. पण खोल्या रिकाम्या करायचा दिवस आला तेव्हा हसू आटलं. टाकी वर कशी न्यायची याचा एवढा विचार केलेल्या माणसानं ती खाली कशी आणायची याचा केलाच नव्हता! काचवाला म्हणाला, जोड कापून परत जोडू, पण सुकायला वेळ लागेल. "आणि तवसर मासे खंय रवतले? बादलीत?" मामा दारात बसले. "टाकी नाय गेली तर मी पण जावचय नाय." सगळ्या खोल्या रिकाम्या, लोक सामानासकट खाली अंगणात, आणि मामांचं एक बिऱ्हाड तसंच.

शेवटी आमच्या हिनं चाळीच्या गणपती मंडळाच्या आबांना बोलावलं. दर वर्षी ट्रकवरची अवाढव्य मूर्ती आबांच्या हुकमाशिवाय हलत नाही. आबांनी टाकीभोवती एक चक्कर मारली, जिन्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कठडो काढा," ते म्हणाले. झालं! अर्ध्या तासात मंडळाची पोरं बांबू आणि दोर घेऊन हजर. रिकाम्या टाकीला घराघरातल्या गोधड्या गुंडाळल्या. मासे पाण्याच्या पिंपात, पिंप मामींच्या मिठीत. टाकी गॅलरीच्या बाहेर निघाली आणि अधांतरी लोंबकळली! खाली सगळी चाळ माना वर करून उभी. एका बाजूचा दोर सरकन सुटला, टाकी कलली, आणि मामांनी डोळेच मिटून घेतले. "धर! डावी धर रे!" आबा गरजले. पोरांनी धरली. एक एक वीत करत टाकी खाली आली आणि अलगद टेकली. मग कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं, आणि "मोरया"नं पडायला झालेली चाळ शेवटची हादरली. मामा मुलासारखे हुंदके देत आबांच्या पाया पडले. मीही "मोरया" ओरडलो, अगदी घसा बसेपर्यंत.

भाड्याच्या घरात काही वर्षं काढून आता मामा टॉवरमध्ये राहायला गेलेत. हॉलच्या सलग भिंतीला टाकी आहे आणि चांगले वीतभर झालेले दोन्ही मासे या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐटीत येरझाऱ्या घालतात. परवा दुपारी जेवायला गेलो होतो. जेवण झाल्यावर मामा दिसेनात म्हणून आतल्या खोलीत डोकावलो. प्रशस्त डबलबेडच्या अगदी कडेला, भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन मामा निजले होते. बाकीचा सगळा बेड मोकळा.

"अजून तसोच निजता," मामी मागून हळूच म्हणाल्या. "लहानपणी खाटेखाली सगळी भावंडां एका रांगेत. पाय लांब केल्यान की भावाच्या तोंडाक लागत. मगे बापूस ओरडायचो."

आमच्या बोलण्यानं मामा जागे झाले. आम्ही बघतोय हे पाहून ते ओशाळले आणि त्यांनी दोन्ही पाय सरळ ताणले. "जागा आसा ओ, भरपूर जागा आसा," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मला त्या क्षणी ते फार फार जवळचे वाटले. आम्ही दारातच उभे राहिलो. मामांचा श्वास पुन्हा संथ झाला, आणि त्यांचे पाय हळूहळू पोटाशी आले.