पाजती
घोंगडीचा उग्र वास आला की मला वालूरच्या आमच्या रानातली एक दुपार आठवते. खतासाठी रानात मेंढ्या बसवल्या होत्या आणि मी लिंबाखाली वकिलीच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. एक व्यापारी कापायला मेंढी विकत मागायला आला, तर खांद्यावर घोंगडी टाकलेली मेंढ्यांची मालकीण म्हणाली, “ती पाजती हाय. इकायची न्हाई.” त्यानं बरीच घासाघीस केली, पण तिनं मानसुद्धा वर केली नाही. तो गेल्यावर ती पाणी प्यायला माझ्याजवळ आली. माझ्या मोबाइलवर देवमाशाचं चित्र होतं, कुशीला पिल्लू. मी म्हणाले, “मावशी, हा देवमासा एसटीहून मोठा असतो, पण पिल्लाला दूध पाजतो.” ती हसली. “पाजतो काय गं? पाजती म्हण!” तेलासाठी माणसांनी यांची कत्तल केली, आता मारायला कायद्यानं बंदी आहे, हे मी ऐटीत सांगितलं. तिचं हसू गेलं. “पाजतीला मारू नये, ह्यालाबी कायदा करावा लागला व्हय?” आज मी तोच कायदा शिकवते. पुस्तकात काहीही छापलेलं असो, माझ्या वर्गात देवमाशाला ‘ती’च म्हणायचं.