नववा ठिपका

त्याला सगळे घुबड म्हणायचे. तोंडावर काका, पाठीमागे घुबड, आणि बायको चिडली की तोंडावरसुद्धा घुबड. त्याला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट मिरवायचा. सव्वीस वर्षं तो लोकांना रात्रीचं जंगलात नेत होता, घळीतल्या चमकणाऱ्या अळ्या आणि कुजक्या लाकडावर उजळणाऱ्या अळंब्या दाखवायला. हातात कधी बॅटरी धरली नाही. दुसऱ्याला स्वतःचा हात दिसत नाही तिथं ह्याला वाटेवरची काडी दिसायची.

दिसायची. आता दिसत नव्हती, आणि हे फक्त बायकोला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. "गेलेली नजर परत येत नाही. उरली ती सांभाळा आणि रात्रीचं काम आधी बंद करा." त्यावर थेंबांची बाटली फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे गेली आणि काम चालूच राहिलं.

"अहो, एक दिवस तोंडावर आपटाल," बायको म्हणायची.

"वाट माझ्या पायांना पाठ आहे."

"पायांना आहे. माणसांचं काय?"

यावर तो पेपर उघडून बसायचा. ओळी आता नजरेतून निसटायच्याच, पण पेपर मोठा असतो, मागे अख्खा माणूस मावतो.

सोडायचं म्हणजे करायचं काय? दिवसा त्याला कोणी विचारत नव्हतं. बाजारात भाजीवालीसुद्धा त्याला कोमेजलेली जुडी खपवायची. रात्र पडली की मात्र शिकलेसवरलेले लोक त्याच्यामागे दोरी धरून मुकाट चालायचे. हे सुटलं की आपण नुसते खाटेवरचे म्हातारे, ही धास्ती त्याला डोळ्यांपेक्षा मोठी होती.

कामाची एक रीत होती. जंगलाच्या तोंडाशी ऑफिसची खोली, तिथं त्याची सून बसायची. ती तिकिटं फाडायची, गमबूट द्यायची आणि प्रत्येकाला एकेक टोपी द्यायची. टोपीच्या मागे नखाएवढा चकाकत्या रंगाचा ठिपका. निघण्याआधी टोप्या दिव्याखाली धरायच्या, की ठिपका दोन-तीन तास हिरवट उजळत राहतो. घळीत दिवा नाही आणि आवाजही नाही, कारण दोन्हीनं अळ्या विझतात. म्हणून परत येताना वळणावर सगळ्यांना पाठमोरं उभं करायचं आणि ठिपके मोजायचे. आणखी एक नियम तो आधीच सांगून ठेवायचा, "दमलात तर आहात तिथंच बसा. हलू नका, हाका मारू नका. मोजताना एक कमी भरला की मी येतोच." सव्वीस वर्षांत असा तो अकरा वेळा मागे गेला होता, आणि अकराही जण बसल्या जागी सापडले होते.

त्या रात्री नऊ जण होते. शेवटी एक निवृत्त शिक्षिका, एकटीच आलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"काका, मला मोजायला विसरू नका हं," त्या हसून म्हणाल्या. "जन्मभर मी पोरं मोजली. हात वर करून उभी राहू का?"

"बाई, माझी मोजणी चुकत नाही."

पाऊस बारीक लागला होता. घळीत सगळे गप्प झाले. ओल्या मातीच्या भिंतीवर निळे ठिपके, हजारोंनी, आणि त्यांच्याखाली लाळेच्या बारीक तारा लोंबकळत होत्या. कोणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज आला. घुबडाला भिंतीचा मधला तुकडाच दिसत होता, जसं नळीतून बघावं. बाकीचं तो आठवणीतून कुजबुजत सांगत होता, आणि लोक विश्वास ठेवत होते.

परतताना वळणावर त्यानं सगळ्यांना पाठमोरं केलं. एका नजरेत आता सगळे मावत नव्हते, म्हणून कोंबडीसारखी मान वळवत त्यानं एकेक ठिपका धरला. सात, आठ. नववा जरा खाली होता. असेल कोणी ठेंगणं, असं म्हणून त्यानं दोरी ओढली.

नववा ठिपका माणसाचा नव्हता. वळणावरच्या बुंध्याला त्या आठवड्यातच एक अळंबी फुटली होती, नखाएवढी. पूर्वीच्या घुबडानं ती दहा पावलांवरून ओळखली असती.

ऑफिसात लोक बूट काढून, चहा पिऊन पांगले. कुलूप लावताना सून म्हणाली, "बाबा, टोपी एक कमी आहे. आणि चपलांचा जोड एक जास्त."

"गेलं असेल कोणीतरी तसंच. मागच्या वर्षी तो नवरदेव नाही का गेला, बूट-टोपी घालून थेट हॉटेलात?"

दोघं हसली आणि घरी आली.

जेवताना सुनेनं पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढला. "त्या चपलेत हा कोंबलेला होता. घराच्या दिसतात. उद्या फोन येईल."

घुबडाच्या हातातला घास तसाच राहिला. घरच्या किल्ल्या टाकून कोण घरी जातं? आणि चपलेत कशाला कोंबेल? घळीत खुळखुळू नयेत म्हणून. आवाज करू नका, हे त्यानंच बजावलं होतं. मग त्याला तो नववा ठिपका आठवला, जरा खालचा. 

"बॅटऱ्या घे. असतील तेवढ्या."

"बाबा, अळ्या विझतील."

"विझू देत."

जंगलाच्या तोंडाशी आल्यावर तो थांबला. सून पुढं होण्याची वाट बघत होती, पण तो हलेना.

"माझा हात धर," तो म्हणाला. "मला अंधारात दिसत नाही."

"कधीपासून?"

"आधी चल."

बाई वळणापासून चाळीस पावलं मागे सापडल्या. एका मुळीवर बसलेल्या, पाठ झाडाला टेकलेली, हात खिशात. टोपी नीट डोक्यावर होती. अंग भिजून गार पडलं होतं. सुनेनं नाडी बघितली, पुन्हा बघितली, मग बॅटरी बाजूला वळवली. हृदय नाजूक होतं, थंडी सोसली नाही, असं डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी बाईंची थोरली बहीण आली. या सहली चालवणाऱ्या साहेबांनी कागद तयारच ठेवला होता, त्यात लिहिलं होतं की पाहुण्यांनी सूचना मोडून रांग सोडली. सकाळीच त्यांनी घुबडाला समजावलं होतं, "तू काही बोलू नकोस. विचारलं तर नुसती मान हलव. नोकरी तुझीच जाईल, माझी नाही."

बहीण रडत नव्हती, रागावली होती. "लहानपणापासून अशीच. बाजारात माझा हात सोडून पळायची. किती मार खाल्ला तिच्यापायी मी!" मग ती घुबडाकडे वळली. "इथंही रांग सोडून गेली ना? सांगा ना काका. गेली ना?"

तिला हो हवं होतं. साहेबांना हवं होतं. मान हलवायला काय लागतं? सून टेबलावरच्या टोप्या उगाच सरळ करत होती.

"नाही ताई," घुबड म्हणाला. "त्यांनी काही सोडलं नाही. दमलात तर बसा म्हटलं, बसल्या. हाक मारू नका म्हटलं, नाही मारली. मी येणार म्हणून बसून राहिल्या. मीच अळंबीला माणूस धरलं. दोन वर्षं मला अंधारात दिसत नाही, आणि मी ते लपवलं."

साहेब कागद उचलून बाहेर गेले. दार जोरात आपटलं.

"किती वेळ बसली होती?" बहिणीनं विचारलं.

"आम्ही पोचेपर्यंत तीन तास. त्यातले जिवंत किती, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही."

"तीन तास. आणि एक हाक नाही?"

"नाही."

 ती पदरानं खुर्ची पुसून समोर बसली.

"सगळं सांगा. ती आली तिथपासून. काय बोलली, काय घातलं होतं, सगळं. काही गाळू नका."

त्यानं घसा खाकरला आणि तिकीट फाडल्यापासून सांगायला सुरुवात केली.