ड्रॉइंगच्या बाईंनी वाचवलेली इमारत

शाळेत त्यांना सगळे ड्रॉइंगच्या बाई म्हणत. निवृत्त झाल्या तरी ते नाव सुटलं नाही. लग्न केलं नव्हतं; घरात त्या आणि नवरा गेलेली धाकटी बहीण. "ताई, तुझा संसार त्या शाळेच्या दगडांशीच झाला," असं बहीण चिडवायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

शाळेची इमारत मूळची कापसाचं गोदाम. म्हणून भिंती हातभर जाड आणि खिडक्या डोक्याच्याही वर. मालकाचं दिवाळं निघालं, तो खचून गेला आणि त्याच्या सुनेनं गोदामाची शाळा केली. तिनं मधलं छप्पर उतरवून चौक मोकळा केला, भोवती कमानींचा व्हरांडा काढला. लाकडी जिन्याच्या पायऱ्या मुद्दाम ठेंगण्या ठेवल्या, लहान पावलांना झेपतील अशा. बाई दर वर्षी पाचवीला व्हरांड्यात बसवून त्या कमानी काढायला लावत. निम्म्या पोरांच्या कमानी भोपळ्यासारख्या यायच्या, तरी बाई हसत नसत.

संस्थेनं इमारत पाडून नवी बांधायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी पदर खोचला. कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, जुन्या विद्यार्थ्यांना घरी जाऊन गाठलं. मुख्याध्यापकही त्यांचाच विद्यार्थी.

"बाई, छत गळतंय. पोरांच्या डोक्यावर पडलं तर?"

"मग दुरुस्त कर. पाडायला काय अक्कल लागते?"

शेवटी सरकारनं इमारत संरक्षित ठरवली. बाईंच्या गळ्यात हार पडला, पेपरात फोटो आला.

पण संरक्षित म्हणजे हात लावायचा नाही. कौल बदलायला परवानगी हवी, परवानगीसाठी तज्ज्ञ हवा आणि तज्ज्ञाला सवड नाही. तेवढ्यात व्हरांड्याचा कोपरा ढासळला. इमारत धोकादायक ठरून दाराला कुलूप लागलं. वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये गेले. उन्हाळ्यात पोरं भाजून निघाली, एकेका आईबापानं मुलाला काढून दुसरीकडे घातलं. दोन वर्षांत शाळा बंद पडली.

मुख्याध्यापक बाजारात भेटला. बाईंनीच थांबवलं.

"रागावलास का रे?"

"नाही बाई. तुम्ही वाईट कुठे चिंतलं होतंत?" त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "पण माझी पोरं पांगली हो."

घरी आल्यावर बहीण समजूत घालू लागली, "तू मध्ये पडली नसतीस तरी काहीतरी झालंच असतं."

"हो. नवी शाळा झाली असती."

बाईंनी कागद, रंग, ब्रश सगळं बांधून माळ्यावर टाकलं. कुणी मुलांना चित्रकला शिकवाल का म्हणून विचारलं, तर "आता नजर गेली" म्हणत. नजर चांगली होती.

मग एका सकाळी दूधवाला म्हणाला, "बाई, काल तुमच्या शाळेची मागची भिंत बसली."

"कुणाला लागलं का?"

"लागायला आत आहे कोण?"

बाईंनी पातेलं पुढे केलं.