हाताआडची आई

महादेव गेल्याचं फोनवर कळलं, तेव्हा मला ते खरंच वाटेना. आदल्याच रविवारी हा गृहस्थ माझ्या नव्या कोऱ्या कॅमेऱ्याला ‘साबणाची डबी’ म्हणून गेला होता... त्याला आता महिना झाला.

महाप्याच्या कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. सुट्टी मिळाली की स्वारी जुने कॅमेरे शोधत हिंडायची. सानपाड्याच्या घरातलं शोकेस त्यानं इतकं भरून टाकलं, की सुमनवहिनींच्या कपबशा माळ्यावर गेल्या. त्याचा जीव होता तो दोन भिंगांच्या, डब्यासारख्या कॅमेऱ्यावर. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरून आत बघायचं. फोटोसाठी जासई गावात गेला की तिथल्या म्हाताऱ्यांना वाटे, साहेब नमस्कार करतोय. त्याही हात जोडत, आणि नेमका तेवढ्यात फोटो निघे. “तुझे सगळे फोटो निवडणुकीला उभे आहेत,” असं म्हणून मी त्याला छळायचो.

फोटो काढू देत नव्हती ती एकटी त्याची आई. साताऱ्याकडची, खमकी. “फोटू भितीवर लागला की हार आलाच. तुला घाई झालीय व्हय रं?” महादेव हसायचा, पण त्याला ते फार लागायचं. वडील गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो नव्हता, आणि त्यांचा चेहरा आता आठवत नाही, हे तो मला एकदा डोळे पुसत बोलला होता.

एका दुपारी आई दिवाणावर बसली होती. हा समोर फरशीवर बसला, मांडीवर कॅमेरा घेऊन वाकला. लेक पाया पडतोय असं समजून तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “औक्षवंत हो, बाबा.” आणि महादेवनं बटण दाबलं.

फोटोत आडवा आलेला हात, धूसर बोटं, आणि त्याआडून आईचं अर्धं, बोळकं हसू. “बाद गेला, साहेब,” स्टुडिओवाला म्हणाला. महादेवनं तोच मोठा करून घेतला. आईनं निरखून पाहिला. “ह्यो तर निस्ता हात हाय. लाव खुशाल.” त्या दिवसाइतका खूश महादेव मी कधी पाहिला नाही. पुढं आई गेली, फोटो राहिला.

तेराव्याला महादेवचा फोटो शोधायला सगळे बसले. दुसऱ्यांचे ढीगभर, त्याचा एकही धड नाही. वहिनी उठल्या, भिंतीवरची ती तसबीर काढून त्यांनी पाटावर ठेवली.

“वहिनी, हा तर आईंचा...”

“वर बघा ना, भावजी.”

वरच्या कडेला काळं काहीतरी होतं. इतकी वर्षं मी तो डाग समजत आलो होतो. ते केस होते. आईच्या बोटांखाली दबलेले, महादेवचे.