फक्कीने आखलेलं घर

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत काउंटरवर होते. तिचा धाकटा भाऊ मिलिंद बोलत होता. "जयभीम ताई... आपली सुजाताताई गेली. ताप डोक्यात गेलता." समोर एक आजोबा पासबुक घेऊन ताटकळले होते. त्यांचं काम उरकलं आणि मग आत जाऊन रडले. अंगात ताप असताना उन्हात प्लॉटवर उभी राहणारी बाई, तिला कुणी काय सांगायचं! महिना उलटून गेला तरी मला तिचा राग येतो. त्याहून जास्त राग येतो तो तिच्या हातून एकही घर उभं राहू न देणाऱ्या आपल्या सगळ्यांचा.

आम्ही एका वर्गातल्या, होस्टेलला एकाच खोलीतल्या. शाखा आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग. नाव इतकं भारदस्त की तिला प्रवेश मिळाला तेव्हा धारूरला तिच्या वस्तीत पेढे वाटले होते. शेवटच्या वर्षाला डोळे उघडले. आर्किटेक्ट आम्हाला आपल्यात घेत नव्हते आणि भरतीच्या जाहिरातीत नुसतं 'सिव्हिल' लिहिलेलं असायचं. धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही. वर्ग पांगला. कुणी पुण्यात स्पर्धा परीक्षेला बसलं ते बसलंच, कुणी टाइल्सच्या दुकानात चिकटलं, मी बँकेत शिरले. सुजाता तेवढी हट्टाने बांधकामात राहिली. पुण्यात साइटवर तिला मालाच्या गाड्या उतरवून घ्यायचं काम दिलं. बीडच्या एका ऑफिसात नकाशे ती काढायची, सही साहेबांची. "मला एकच घर बांधायचंय गं," ती म्हणायची. "माझ्या डोक्यातलं, जसंच्या तसं. ते झालं की खुशाल टाइल्स विकीन."

शेवटी ती धारूरला परतली आणि स्वतःचं काम सुरू केलं. कागदावरचा नकाशा आपल्याकडे घरच्यांना वाचता येत नाही, हे तिनं ओळखलं होतं. म्हणून ती मोकळ्या प्लॉटवर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने अख्खं घर खऱ्या मापात आखायची आणि घरातल्या सगळ्यांना त्यातून फिरवायची. कुणी रेघ ओलांडून आलं की ओरडायची, "भिंतीतून येऊ नका, दारातून या!" लोक हसायचे, पण मागे फिरून दारातून यायचे.

दिंद्रुडच्या एका मेंढपाळ कुटुंबाचं घर तिनं असंच आखलं तेव्हा मी सोबत होते. स्वयंपाकघराची खिडकी तिनं मागच्या वाड्याकडे, मेंढरांच्या बाजूला काढली होती. घरची म्हातारी त्या रेघांच्या मधे जाऊन चुलीपुढे बसावी तशी बसली. "आगं माय, हितून माजी कोकरं दिसत्यात की!" तिला उठवता उठवेना. सुजाताचा चेहरा त्या दिवशी जसा होता, तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही... दोन आठवड्यांनी थोरला मुलगा आला. पार अवघडला होता बिचारा. "मॅडम, नकाशा लई भारी हाय. पण लोकं हसतील. मिस्तरी म्हणतो, समूर गाळे काढा, मागं खोल्या." घर मिस्तरीच्या मनासारखं झालं. स्वयंपाकघराला खिडकीच नाही. प्रत्येक वेळी हेच. फक्कीतलं घर सगळ्यांना आवडायचं, बांधलं जायचं शेजाऱ्यासारखं.

मग तिनं आईसाठी घर आखलं, वडिलांनी गावाबाहेर घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर. बांधायला कधी जमलंच नाही. पाऊस आला की रेघा वाहून जायच्या, ही पुन्हा फक्की टाकायची. मी चिडवायचे, "अगं, लोक घराला रंग देतात, तू घरच दरवर्षी नवीन करतेस." ती हसायची. आता वाटतं, गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

सुजाताच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर तिची आई मला त्या प्लॉटवर घेऊन गेली. प्लॉट विकायचं ठरलंय. घेणारा तिथे गाळे काढणार आहे. मधे पाऊस होऊन गेला होता, सगळीकडे गवत. आई पुढे गेली, बाभळीपाशी वळली, दोन पावलं चालून पुन्हा वळली आणि मधोमध उभी राहिली. "हितून किल्ला दिसतो, म्हनली व्हती," ती म्हणाली. धारूरचा किल्ला खरंच दिसत होता. मी सरळ तिच्याकडे निघाले.

"आगं, भिंतीतून कावून येतीस?" आई म्हणाली. "दार तिकडं हाय."

जमिनीवर एकही रेघ नव्हती. मी मागे फिरले, बाभळीपाशी गेले आणि दारातून आत आले.