फिरोजी की शेवाळी

ठाकुर्लीच्या आमच्या घराला रंग काढायचं ठरलं तेव्हा मला हॉलला साधा ऑफ-व्हाइट हवा होता. नवऱ्याला काम लवकर उरकायला हवं होतं. बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, मात्र ठाम मत होतं, आणि त्यांना मत असलं की बाकीच्यांची मतं आमच्याकडे आपोआप मागे सरकतात. ते शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्तीनंतरही दुकानांच्या पाट्या उभ्या उभ्या दुरुस्त करायचे.

रंगवाल्याने शेड कार्ड उघडलं. बाबांनी ते खिडकीपाशी नेलं, नाकाला लावून बराच वेळ पाहिलं आणि एका चौकोनावर बोट टेकवलं.

“हा. सौम्य आहे.”

मी वाकून पाहिलं. स्विमिंग पूलच्या तळाला असतो तसा लख्ख निळा-हिरवा.

“काका, हा फिरोजी आहे,” रंगवाला म्हणाला. “पूर्ण हॉलला? एका भिंतीला मारू ना, बस्स.”

“फिरोजी तुम्ही म्हणत असाल. मराठीत याला शेवाळी म्हणतात.”

रंगवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे आणि नवऱ्याने मोबाइलकडे. शब्दावरून बाबांशी वाद घालायचा नाही, हे मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकलेले. शिवाय वाटलं, ऐंशी उलटल्यावर माणसाला काही झगझगीत हवंसं वाटत असेल, तर आपण कोण आडवे येणार?

चारही भिंती फिरोजी झाल्या. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, “अगं, पाळणाघर काढताय का?” रात्री दिवे लावले की आम्ही सगळे नुकते तापातून उठल्यासारखे दिसायचो. बाबा मात्र खूष. “बघ, डोळ्यांना किती शांत वाटतं!” मी पाहुण्यांना सांगायला लागले, हल्ली हीच फॅशन आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळी मला स्वतःलाही ते पटायला लागलं होतं.

चारेक महिन्यांनी बाबांनी एकदा चहा कपात ओतायच्या ऐवजी शेजारी ओतला. नवरा त्यांना डोंबिवलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. “मोतीबिंदू पार पिकलाय. इतके दिवस काय करत होतात?” डॉक्टर म्हणाले. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून बाबा घरी आले आणि चपला न काढता दारातच थांबले.

“रंग कोणी बदलला?”

“कोणीच नाही, बाबा.”

“मी शेवाळी सांगितला होता.”

मग त्यांनी हाताने एक डोळा झाकला, मग दुसरा. पुन्हा पहिला. उजव्याने फिरोजी, डाव्याने शेवाळी. डॉक्टरांना फोन केला तर ते हसले. डोळ्यातलं भिंग पिवळं पडलं की निळा रंग नीट कळतच नाही, म्हणाले.

माझी संधी आली होती. “बदलून घेऊ या का? ऑफ-व्हाइट?” मी शक्य तितक्या साळसूदपणे विचारलं.

बाबांनी ते ऐकलंच नाही. “तुम्हांला हा पहिल्यापासून असाच दिसत होता?”

“हो.”

“आणि कोणी बोललं नाही.”

“आम्हांला वाटलं, शब्दाचा वाद आहे...”

ते आपल्या खोलीत गेले. मला फार ओशाळल्यासारखं झालं. घरातल्या माणसाला नीट दिसत नव्हतं आणि आम्ही त्याच्या शब्दसंग्रहाला मान देत बसलो होतो. खरं तर तो मानही नव्हता. कटकट नको, एवढंच.

जेवायला ते बाहेर आले तेव्हा मी म्हटलं, “बाबा, चुकलं आमचं. बोलायला हवं होतं.”

“इथून पुढे बोला,” ते म्हणाले. “मीही बोलेन.”

महिन्याभराने दुसरा डोळाही झाला. त्यानंतर गावाहून त्यांचे मामेभाऊ आले. हॉल बघून म्हणाले, “वा! हिंमत लागते असा रंग द्यायला.” बाबा ताठ बसले. “मीच निवडला,” म्हणाले. माझा ऑफ-व्हाइट तिथेच संपला.

खरं बोलायचा करार मात्र त्यांनी पाळलाय. माझे केस किती पांढरे झालेत ते त्यांनी त्याच आठवड्यात सांगितलं. परवा जेवताना म्हणाले, “सूनबाई, तुझ्या आमटीत मीठ कमी असतं. पहिल्या दिवसापासून.”