विहिरीकडे गादा

आमच्या घरात कोणी काही वाढवून सांगितलं, की आई म्हणायची, "हो, आणि गादाही पाहिलास." गादा म्हणजे डॉल्फिन. अर्नाळ्याचे कोळी त्याला गादा म्हणतात. हे वाक्य मुळात बाबांसाठी तयार झालं होतं. अर्नाळ्याच्या बेटावर त्यांचा एक मित्र होता. आमच्या आगाशीच्या वाडीतली केळी ते त्याला नेऊन देत आणि येताना सुके बोंबील घेऊन येत. एका उन्हाळ्यात परत आले ते सांगतच आले, की म्हशीएवढा काळा मासा होडीच्या शेजारून श्वास सोडत गेला.

"मासा श्वास सोडतो?" आईने विचारलं. बाबा म्हणाले, "सोडला. मी ऐकला." झालं. पुढे बाबा कुठलीही गोष्ट सांगू लागले, की आईचा गादा ठरलेला असायचा. बाबा हसून सोडून देत. समुद्र आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे, पण आम्ही बागायतवाले. आईने तोवर होडीत पाऊल टाकलं नव्हतं.

बाबा गेले. त्यानंतरच्या वर्षी आमची नेहमीची मासळीवाली ओटीवर टोपली उतरवून बसली होती. तिचं घर बेटावरच आहे आणि नवऱ्याची होडी आहे. आईने कोलंबीचा भाव पाडायचा प्रयत्न केला तेव्हा ती विषय बदलत म्हणाली, "मावशी, या ना एकदा आमच्याकडं. या दिवसांत पानी शांत असतंय, गादे रोज दिसतात."

आई भाव करायची थांबली. मासळीवाली गेल्यावर मला म्हणाली, "म्हणजे ते खरं सांगत होते की काय?"

मी फोनवर डॉल्फिनचा व्हिडिओ दाखवला. तिने चष्मा लावून पूर्ण पाहिला आणि विचारलं, "हा कुठला समुद्र?" मला सांगता येईना. "मग मला आपल्याकडचा दाखव," ती म्हणाली. "खरा असेल, तर जन्मभर मी त्यांना खोटं पाडलं. नसेल तर प्रश्नच नाही. पण मला कळायला हवं."

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही गेलो. किनाऱ्यावरून बेटावर आणि तिथून मासळीवालीच्या नवऱ्याच्या होडीतून बाहेर. गादे दिसले. मला, बायकोला, होडीतल्या चार-पाच पर्यटकांना. मी हिशेब तपासण्याच्या नोकरीतला माणूस आहे, त्यामुळे पाण्यावर आलेली पाठ आणि प्रत्यक्षातला गादा यांत फरक करतो. एकच प्राणी तीनदा वर आला तर तो एकच. नक्की म्हणता येतील असे तीन मोजले. आईने एकही पाहिला नाही. "तो बघ, तो बघ" असा ओरडा व्हायचा, ती मान वळवायची आणि तोवर पाणी मिटलेलं असायचं. चष्मा लावला की तिची नजर चांगली आहे. बघायचं कुठे, हेच तिला वेळेत कळत नव्हतं.

परतताना ती म्हणाली, "तुम्ही पाहिलात, मी नाही पाहिला. आईने पाहिला असं कोणाला सांगू नका." शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा तिने हेच उत्तर दिलं. वर, "मुलगा म्हणतो तीन होते," असंही सांगितलं, पण ते कसं, तर दुसऱ्याच्या पंचनाम्यावर सही न करता.

यंदा मी तयारीने गेलो. बेटावर गुडघाभर पाण्यातून होडीत चढावं लागतं, म्हणून आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून दोघांनी उचललं. मासळीवालीही या वेळी बरोबर आली, मांडीवर ताडगोळ्यांची पिशवी घेऊन.

"बसा आजी मधी," तिचा नवरा, म्हणजे आमचा नावाडी, म्हणाला. "पानी आज तेलावानी हाय."

मी सगळ्यांना नियम समजावला. होडीचं टोक म्हणजे बारा वाजले. उजवा हात तीन, मागे सहा, डावा हात नऊ. गादा दिसला, की नुसतं ओरडायचं नाही, वाजले किती ते सांगायचं. इंजिन बंद करून आम्ही थांबलो. थोड्या वेळाने बायको ओरडली, "दोन! नाही, चार!"

"दोन आहेत की चार आहेत?" आईने विचारलं. विचारेपर्यंत गादा गेला.

नावाडी हसायला लागला. "साहेब, घड्याल घरी ठेवा. गादा काय ड्यूटीवर हाय?"

मग बायकोला सुचलं. माझी आई डावं-उजवं कधीच म्हणत नाही. आमच्या घराच्या पश्चिमेला विहीर, पूर्वेला रस्ता, उत्तरेला केळी आणि दक्षिणेला सोनचाफा. आई घराच्या आतही त्याच हिशेबाने बोलते. "ताट जरा विहिरीकडे सरकव." "पदर केळींकडून खाली आलाय तुझा." लग्नानंतर वर्षभर बायकोला स्वयंपाकघरात डबे सापडत नसत.

"आई, असं करू," बायको म्हणाली. "होडीचं टोक म्हणजे आपली विहीर. मागे रस्ता. या बाजूला केळी, त्या बाजूला चाफा."

आईचा चेहरा एकदम मोकळा झाला. हे तिला कळणारं होतं. मासळीवालीलाही कळलं, कारण तीस वर्षं ती आमच्याच ओटीवर बसते. तिने नवऱ्याला चारही दिशा समजावल्या. नावाड्याने मान डोलावली आणि इंजिन सुरू करून होडी वैतरणेच्या मुखाकडे वळवली.

"विहिरीकडे! आई, विहिरीकडे!" बायको आणि मी एकदमच ओरडलो. होडीच्या अगदी पुढ्यात एक करडी पाठ गोल फिरून वर येत होती.

आईने ताबडतोब मान वळवली. डावीकडे, उघड्या समुद्राकडे. तिथे काहीही नव्हतं.

"अगं, पुढे बघ ना!" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"तूच म्हणालास ना विहिरीकडे?"

"होडीचं टोक विहीर ठरलं होतं!"

"होडी फिरली," आई म्हणाली. "होडी फिरली म्हणून विहीर फिरते का? विहीर तिकडे आहे." तिने हात केला तो बरोबर पश्चिमेला. मी फोनमध्ये दिशा तपासली. ती अचूक होती, आणि चूक आम्हा दोघांची होती. होडी किनाऱ्याला पाठ करून उभी होती तेव्हा टोक विहिरीकडे होतं. मग ते उत्तरेला वळलं आणि केळींकडे झालं. आई जागची हलली नव्हती.

"बरोबर हाय मावशींचं," मासळीवाली म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, उत्तर-दक्षिणेची गावं दाखवत, "ऐकलंस ना? दातिवऱ्याकडं ती केळी. राजोडीकडं चाफा. होडी कशी पन फिरव."

"असं सोपं सांगायचं ना पयल्यापासून," नावाडी म्हणाला.

त्याने पुन्हा इंजिन बंद केलं. होडी आपली आपण हळूहळू फिरत राहिली, पण आता त्याने काही बिघडणार नव्हतं. मला बाबांची आठवण येत होती आणि उगाचच काळजी वाटत होती, जणू त्यांची साक्ष तपासायला घेतली आहे आणि साक्षीदारच यायचा नाही.

"आजी, केळींत!" नावाडी बसक्या आवाजात म्हणाला. "केळींत हाय!"

आईने केळींकडे पाहिलं. पाठ वर आली, तिच्यावरचा उंचवटा आणि त्यावरचा लहानसा पंख, आणि फुस्स करून श्वास सुटला. सगळ्यांना ऐकू आला. त्याच्या मागोमाग एक लहान पाठ, फिकट रंगाची. दोन्ही पुन्हा वर आल्या, या वेळी अधिक जवळ. आईने तोंडावर हात ठेवला होता.

पाणी मिटल्यावर तिने हात खाली घेतला. मग म्हणाली, "श्वास सोडतो." आणि थोड्या वेळाने, "म्हशीएवढा नाही हं पण. रेडकाएवढा असेल." तिला हसू आलं आणि डोळेही पुसावे लागले. "तेवढं वाढवलंच त्यांनी."

"तेवढी सूट देऊ त्यांना," मी म्हणालो.

"देऊ," आई म्हणाली.

त्यानंतर होडीत आणखी दोनदा आरडाओरड झाली, एकदा रस्त्याकडे आणि एकदा विहिरीकडे. आईने मान वळवली नाही. चष्मा पुसून तिने डबीत ठेवून दिला होता आणि मासळीवालीच्या पिशवीतले ताडगोळे सोलत बसली होती. मी म्हणालो, "आई, जवळ आलाय, बघ तरी." ती म्हणाली, "तुम्ही बघा, माझं झालं," आणि सोललेला ताडगोळा माझ्या हातावर ठेवला.